दादाचं मत

‘शक्तिमान’ ही विज्ञानकथा नाही, पोथी आहे, असं दादाचं मत होतं. हे मत त्यानं मांडलं ते मालिका चालू असताना, आमच्या वर्ध्याच्या घरात टीव्हीसमोर दाटीवाटीनं बसलेल्या गल्लीतल्या झाडून साऱ्या पोट्ट्यांसमोर. तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. १९९७च्या सप्टेंबरात शक्तिमान दूरदर्शनवर आला. मुकेश खन्ना हात वर करून गरगर फिरायला लागले की आम्ही श्वास रोखून बसायचो आणि हा मागून बोलायचा, ‘‘कुंडलिनी जागी झाली म्हणून माणूस उडते, हे कोणत्या सायन्सच्या पुस्तकात हाय बे?’’ पोट्टे त्याला गप्प करायचे. एकानं चप्पल फेकून मारल्याचंही आठवतं. दादा हटला नाही. विज्ञानकथेचा त्याचा नियम तेव्हापासून ठरलेला होता : एक थाप माफ, दुसऱ्या थापेला पावती लागते. लेखकानं सुरुवातीला एखादी अशक्य गोष्ट खुशाल गृहीत धरावी. प्रकाशापेक्षा वेगानं जाणारं यान असो की काळात मागं नेणारं यंत्र, त्याची हरकत नसे. त्यानंतर मात्र हिशेब चोख हवा. दर आठवड्याला अडचण आली की नायकाच्या खिशातून नवी शक्ती काढायची, हे त्याला चालत नसे.

आज दादा नाही. माणूस गेल्यावर त्याचे कपडे, चष्मा, औषधांचे डबे यांचं काय करायचं ते घरातलं कुणीतरी जाणतं म्हातारं सांगतं. मतांचं काय करायचं ते कुणी सांगत नाही. आणि दादाकडं दुसरं काही फारसं नव्हतंच. जमीन नव्हती, बँकेत पैसा नव्हता, लग्न झालं नव्हतं. मतं मात्र गाडीभर होती आणि त्यातली बरीचशी कधी न घडलेल्या गोष्टींबद्दल होती.

शक्तिमाननंतर वर्षभरात ‘कॅप्टन व्योम’ आला आणि दादाला हवी ती मालिका मिळाली. साल २१२३, कैदेतून निसटलेले बारा खतरनाक गुन्हेगार आणि त्यांना सूर्यमालेभर शोधत फिरणारा मिलिंद सोमण. ‘मिर्च मसाला’ काढणाऱ्या केतन मेहतांना ही अवदसा कुठून आठवली, असं बाबा म्हणायचे. यानं पुठ्ठ्याची दिसतात हे दादालाही कळत होतं, संवाद घसा ताणून म्हटलेले असतात हेही त्याला मान्य होतं. पण या मालिकेत हिशेब होता. बारा म्हणजे बारा. एक धरला की अकरा उरले. ‘‘आणि पाय ना,’’ तो म्हणायचा, ‘‘तिकडं वर आपल्यासारखं बोलणारं कोणीतरी हाय!’’ तोवर अंतराळात फक्त अमेरिकन माणसंच जातात, अशी आमची समजूत होती. राकेश शर्मा १९८४ मध्ये जाऊन आले होते, पण ते शाळेच्या भिंतीवरच्या चित्रात होते, मालिकेत नव्हते.

ऐन रंगात लाईन जायची. मग अंधारात, घामाच्या धारा पुसत, उरलेला भाग दादा सांगायचा. त्याला पुढचं काही ठाऊक नसे, तरी तो थांबत नसे. एकदा त्यानं सांगितलं, की गुन्हेगाराच्या यानातला प्राणवायू संपत आला, व्योमनं आपल्यातला अर्धा त्याला दिला आणि आता दोघांनाही पृथ्वीपर्यंत पुरेल इतका उरला नाही. ‘‘मंग?’’ सगळे ओरडले. तेवढ्यात लाईन आली आणि टीव्हीवर निरम्याची बाई नाचायला लागली. मध्यंतरी त्या मालिकेचे काही भाग पुन्हा पाहण्यात आले. त्यात तोही भाग होता. त्याचा शेवट साध्या मारामारीचा निघाला. मला दादाचा शेवट हवा होता आणि तो त्यानं पुरा केलेलाच नव्हता.

टीव्हीइतकंच त्याला खेळाचं वेड. बाजारातल्या एका बोळात व्हिडिओ गेमचं दुकान होतं, एक रुपयाचं नाणं टाकून खेळायचं. तिथं सगळी पोरं ‘मुस्तफा’ खेळायची. त्या खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं १९९३ मध्ये काढलेला तो खेळ आपल्याकडं गावोगाव त्यातल्या एका टोपीवाल्या पात्राच्या नावानं ओळखला गेला. त्याची कथा पंचविसाव्या शतकानंतरची आहे, माणसांनी पृथ्वीची वाट लावल्यावर डायनोसॉर परत आलेत, वगैरे वगैरे. दुकानातल्या कुणालाही याचा पत्ता नव्हता आणि गरजही नव्हती. दादानं ते पडद्यावरच्या इंग्रजी पाट्या वाचून, डिक्शनरी चाळून शोधून काढलं आणि नाण्यासाठी ताटकळलेल्या पोरांना समजावून सांगितलं. त्याला पुन्हा एकदा मार पडला.

पुढं सायबर कॅफे आले. तासाला वीस रुपये. केबलनं जोडलेल्या सात-आठ कॉम्प्युटरांवर काउंटर-स्ट्राइक चालायचं. दादाचं शिक्षण तिथंच संपलं आणि तिथंच सुरूही झालं. कॉलेज सुटलं, पण रॅम, एसएमपीएस, मदरबोर्ड, विंडोज टाकणं हे सगळं तो त्या कॅफेत शिकला आणि नंतर त्यानं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. बाबा शिक्षक, आयुष्यभर खादी नेसलेले. वर्ध्यात राहून पोरगा दिवसभर बंदुका झाडतो, याचं त्यांना फार वाटायचं. एकदा जेवताना विषय निघाला. दादा म्हणाला, ‘‘बाबा, त्या बंदुकीनं कोणी मरत नाई. दोन मिनिटांत उठून परत खेळायला येते.’’ बाबा म्हणाले, ‘‘म्हणूनच वाईट. मरणाची किंमत कळत नाही.’’ दादानं यावर सेवाग्रामचा दाखला काढला. बापूंच्या दप्तरात व्हाइसरॉय लिनलिथगोनं बसवून दिलेला टेलिफोन आजही ठेवलेला आहे. गावोगावचे लोक बघायला येतात, दादाही शाळेच्या सहलीत बघून आला होता. ‘‘ज्याच्याशी भांडायचं त्याच्याशी फोन चालू ठेवायचा, हे बापूनंच सांगून ठेवलं. माहं तेच चालू हाय.’’ या युक्तिवादात दम नव्हता हे त्यालाही कळत होतं. बाबांना हसू आलं, तेवढ्यावर विषय मिटला.

दुकानाच्या दिवसांत त्यानं सगळं ‘स्टार ट्रेक’ पाहिलं. पेनड्राइव्हवरून पेनड्राइव्हवर आलेल्या फायली. शनिवारी मी नागपूरहून आले की त्यानं माझ्यासाठी काढून ठेवलेला भाग मला पाहावाच लागायचा. पाहून झाला की दहापैकी मार्क द्यायचे, आधी मी, मग तो. माझे नेहमी जास्त. ‘‘तू मास्तरीण असून पेपर ढिला तपासते,’’ तो म्हणायचा. १९६७ चा ‘सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’, ज्यात कॅप्टन कर्कला इतिहास वाचवण्यासाठी आवडत्या बाईला गाडीखाली मरू द्यावं लागतं, त्याला दादानं नऊ दिले होते. यापेक्षा जास्त मार्क त्यानं कशालाच दिले नाहीत. दहा का नाही, तर दहा दिले की बोलणं संपतं, असं तो म्हणाला.

मग किडन्या गेल्या. रक्तदाब कित्येक वर्षं चढलेला असणार, कुणी मोजलाच नव्हता. डाव्या हातावर फिस्टुला झाला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, प्रत्येक वेळी चार तास. नागपूरच्या प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घातलं. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना पुढचं सांगायला नको आणि ज्यांच्या घरात नाही त्यांना सांगून कळणार नाही. एवढंच लिहिते, की वर्ध्याचा मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर, आणि माणसाला दिवसभरात मोजून लिटरभर पाणी, त्यातच चहा आणि वरण. दोन खेपांच्या मध्ये वजन वाढलं की टेक्निशियन रागवायचे. दादा बर्फाचा तुकडा तोंडात धरून बसायचा.

चार तासांत साधारण पाच भाग होतात. त्यानं टॅब घेतला, इयरफोनचा एक बोंडा त्याच्या कानात, एक माझ्या. अशा एका दुपारी आम्ही ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’मधला ‘द इनर लाइट’ पाहिला. १९९२ चा भाग. त्याला पुढच्या वर्षी ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि जगभरचे चाहते तो सर्वोत्तम भागांत धरतात. कॅप्टन पिकार्डच्या यानाला अंतराळात एक बेवारशी यंत्र भेटतं. त्यातून एक किरण येतो आणि पिकार्ड जागीच कोसळतो. शुद्धीवर येतो तो कटान नावाच्या ग्रहावर. तिथं त्याचं नाव कामिन, धंदा लोहाराचा. त्याला बायको आहे. आधी तो मानत नाही, मग हळूहळू मानतो. मुलं होतात, तो बासरी शिकतो, मित्र मरतो, बायको मरते, केस पांढरे होतात. कटान वाळत चाललेला असतो, कारण त्याचा सूर्य तापत चालला आहे. शेवटी कळतं, की हा ग्रह हजार वर्षांपूर्वीच नष्ट झाला. आपली आठवण कुणालातरी राहावी म्हणून त्या लोकांनी ते यंत्र आकाशात सोडलं होतं. इकडं यानावर जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं गेलेली असतात. पिकार्ड उठतो. त्या यंत्रात एक डबी सापडते, डबीत ती बासरी.

पाहताना दादा मध्येच थांबवत होता. कटानच्या दुष्काळावर कामिन एक योजना मांडतो, हवेतून पाणी काढायची यंत्रं उभारू म्हणतो. प्रशासक गोड बोलून त्याची बोळवण करतो. ‘‘घे,’’ दादा म्हणाला, ‘‘हे आपलं आष्टी-कारंजा. अहवाल ठेवून घेतला.’’ गावकरी चौकात एक झाड लावतात आणि पाणी नसताना ते जगवायचं ठरवतात, तिथं त्यानं पुन्हा थांबवलं. झाडाकडं बराच वेळ पाहिलं. ‘‘माहा एका दिवसाचा कोटा पिऊन राह्यलं हे.’’ शेजारच्या खाटेवरचे काका, कापसाचे शेतकरी, न पाहताच हसले.

भाग संपला. मी डोळे पुसत नऊ दिले. दादा म्हणाला, ‘‘सहा.’’

मी भांडायला लागले. त्याचे दोन मुद्दे होते. पहिला असा, की त्या मेलेल्या ग्रहानं पिकार्डला विचारलं होतं का? चालत्या माणसाला पाडून त्याच्या डोक्यात चाळीस वर्षांचं सुखदुःख ओतायचं, हा कुठला न्याय? यावर त्यानं फक्त एक मार्क कापला होता, कारण मरणाऱ्याला थोडी सूट द्यावी म्हणाला. त्याचा खरा राग दुसऱ्या मुद्द्यावर होता. पिकार्डनं तिथं बायको पुरली, मित्र पुरला, नातवंडं पाहिली, आणि पुढच्या भागात काय, तर हा माणूस डेटा नावाच्या यंत्रमानवाच्या तुटलेल्या मुंडक्याची भानगड सोडवायला मजेत निघालेला! आख्खं आयुष्य हरवलेला माणूस आठवडाभरात खुर्चीवर बसून हुकूम सोडतो? ‘‘तीन मार्क तिथं गेले. हे खोटं हाय. ही दुसरी थाप, आणि हिची पावती नाई.’’

मी म्हटलं, पुढच्या सीझनमध्ये ‘लेसन्स’ नावाचा भाग आहे, त्यात तो बासरी काढून वाजवतो. तो म्हणाला, ‘‘सात सीझनमध्ये एक भाग! आणि तोही बाई पटवासाठी.’’ मशीन बीप करायला लागलं, सिस्टर आली, तिनं आम्हाला दोघांनाही दटावलं. हे भांडण पुढं कैक शनिवार चाललं. गोरसपाक बिस्किटांचा पुडा मध्ये ठेवून चाललं. त्याला गोरसपाक चालत नसे, तो फक्त वास घ्यायचा. निकाल लागला नाही.

पबजीत तो आला तो जवळजवळ सगळ्या देशाबरोबर, २०१८ मध्ये. एव्हाना जिओमुळं डेटा पाण्याच्या भावात मिळत होता (त्याच्यासाठी तर पाणीच महाग होतं). शंभर माणसं विमानातून एका बेटावर उड्या मारतात, घरंदारं धुंडाळून हत्यारं जमवतात, निळं वर्तुळ आवळत येतं आणि शेवटी एक माणूस किंवा चौघांची एक टोळी उरते. टोळीला स्क्वाड म्हणतात. दादाच्या स्क्वाडमध्ये हिंगणघाटचा एक मेडिकल दुकानवाला, नांदेडची स्पर्धा परीक्षा देणारी मुलगी आणि कतारमध्ये नोकरीला असलेला रत्नागिरीचा एक जण. एकमेकांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. दादाचं तिथलं नाव कॅप्टन व्योम.

खेळाबद्दलही त्याची मतं कडक होती. नकाशा एरँगलच, बाकीचे पोरखेळ. पैसे देऊन बंदुकीला रंग चढवणारा माणूस बिनकामाचा. गवतात साप होऊन पडणारा परवडला, पण हॅक लावणारा नको. आणि रमीच्या जाहिरातींना जो खेळ म्हणेल त्यानं आपल्या दुकानात येऊ नये, तो धंदा आहे, तेही आपल्या खिशावरचा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळं काढून मान्यता दिली, तेव्हा मी मनातल्या मनात त्याचं दुकान उघडून दिलं.

डायलिसिसच्या वेळी त्याचा डावा हात सुयांमुळं जखडलेला असे. हा खेळ दोन अंगठ्यांचा. मग त्यानं स्वतःसाठी वेगळं काम शोधलं. तो एका अंगठ्यानं फक्त पळायचा आणि तोंडानं सगळ्यांना चालवायचा. कुठं उतरायचं, कोणत्या घराच्या छपरावर माणूस आहे, वर्तुळ कुठं आवळेल, पूल कधी ओलांडायचा. गोळी मारायचं काम बाकीच्यांचं. स्क्वाडला यातलं काही माहीत नव्हतं. हा थोडा आळशी, पण डोकेबाज गडी, असा त्यांचा समज. मागून येणारा बीप-बीप आवाज ऐकून हिंगणघाटवाल्यानं एकदा विचारलंही, ‘‘कॅप्टन, तुमच्या घरी दिवसभर ओव्हन चालू राह्यते का?’’ दादा म्हणाला, ‘‘हो. माही आई केक करते.’’

‘ब्लॅक मिरर’मधल्या ‘यूएसएस कॅलिस्टर’ या भागावर तो जीव टाकायचा. त्यात गेम बनवणारा एक घुम्या माणूस सहकाऱ्यांच्या नकला तयार करून आपल्या खासगी खेळात कोंडतो आणि त्यांच्यावर कॅप्टनकी गाजवतो. त्या नकला मोठ्या हिकमतीनं सुटतात, खऱ्या ऑनलाइन खेळाच्या अफाट विश्वात पोचतात, आणि तिथं त्यांना भेटणारा पहिलाच माणूस कोण? तर शिव्या देणारा, उडवून टाकीन म्हणणारा कुणीतरी गेमर. दादा या जागी प्रत्येक वेळी खो-खो हसायचा. ‘‘स्वातंत्र्य म्हणजे हेच. बाहेर पडा, तं गेटवर नागपूरचं पोट्टं उभं!’’ साडेआठ मार्क.

२ सप्टेंबर २०२० ला सरकारनं पबजीवर बंदी आणली आणि ३० ऑक्टोबरला भारतातले सर्व्हर बंद झाले. त्या काळात रोज मरणाच्या बातम्या येत होत्या, त्यात एका खेळाचं काय घेऊन बसायचं. पण चौघांची भेटायची जागा तेवढीच होती. पुढच्या जुलैत तोच खेळ बीजीएमआय नावानं परत आला, जुनं खातं त्यात नेता आलं आणि चौघं पुन्हा त्याच बेटावर उतरले.

२०२१ च्या डिसेंबरात नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर होते. प्रकृतीमुळं ते जाऊ शकले नाहीत, तरी दादानं दुकानात पेढे वाटले. नारळीकरांनी पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावानं पाठवली होती आणि आपल्या आद्याक्षरांची उलटापालट करून नारायण विनायक जगताप झाले होते, ही गोष्ट तो गिऱ्हाइकांना कीबोर्ड साफ करता करता सांगायचा. मोठा माणूस गुपचूप खेळायला येतो, खोटं नाव घेतो आणि तरी जिंकतो, याचं त्याला विशेष कौतुक. पुढं कधीतरी संमेलन वर्ध्याला व्हावं, असं तो म्हणत असे. ते झालं. २०२३ च्या फेब्रुवारीत, स्वावलंबी विद्यालयाच्या मैदानावर. मी एकटी गेले आणि नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’ विकत घेतलं, कारण घरातली प्रत त्यानं कुणालातरी वाचायला दिली होती आणि कुणाला ते आता कळायला मार्ग नाही.

दादा २०२२ च्या पावसाळ्यात गेला. जुलैत जिल्ह्यात पूर आले होते, रस्ते तुटले होते, डायलिसिसच्या खेपा मागंपुढं झाल्या. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात, पहाटे, झोपेत. याहून जास्त लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

स्क्वाडला कळवायचं राहिलं होतं. त्याचा मोबाईल उघडला, खेळ सुरू केला. ते तिघं तिथंच होते आणि कॅप्टन आल्याचं दिसताच तिघंही एकदम बोलायला लागले. कुठं होते इतके दिवस, तुमच्याविना चारदा पुलावर मेलो. मी माझं नातं सांगितलं आणि बातमी सांगितली. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग नांदेडच्या मुलीनं विचारलं, ‘‘ताई, तो ओव्हनचा आवाज...’’ मी हो म्हटलं.

तेरवीच्या दिवशी हिंगणघाटचा मुलगा एसटीनं आला. त्याला आमचं आडनाव माहीत नव्हतं, मोहल्ल्याचं नाव तेवढं कधीतरी बोलण्यात आलेलं. त्यानं कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर कॅप्टन व्योम यांचं घर विचारलं. पानठेलेवाला लहानपणी आमच्या टीव्हीसमोर बसणाऱ्यांपैकी, बहुधा चप्पल फेकणारा तोच. त्यानं ठेला पोराच्या हवाली केला आणि त्याला घरापर्यंत आणून सोडलं. बाबांनी त्या मुलाला आपल्या पंगतीला शेजारी बसवून घेतलं आणि एरँगलमध्ये पूल नेमका कुठं आहे ते विचारून घेतलं.

नॉर्वेत मॅट्स स्टीन नावाचा एक तरुण होता. स्नायूंच्या असाध्य आजारानं तो २०१४ मध्ये पंचविशीत वारला. पोराला मित्रच नव्हते, असं समजून आईबाप हळहळत होते. वडिलांनी तो गेल्याचं इंटरनेटवर लिहिलं आणि युरोपभरातून पत्रांचा पाऊस पडला. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये तो इबेलिन नावाचा शूर गडी होता, कित्येकांना त्यानं अडचणीत सांभाळलं होतं, आणि त्यातले काही जण अंत्यविधीला येऊन उभे राहिले. त्याच्यावरचा माहितीपट २०२४ मध्ये आला. पाहताना मला हिंगणघाटची एसटी आठवली. पण माझं अडतं ते दुसरीकडं. दादानं या चित्रपटाला किती दिले असते? मला सांगता येत नाही. साडेसात? की रडवायला काढलाय म्हणून पाच?

लोक समजतात, की माणूस पुरता ओळखीचा असला की त्याची मतं आपल्याला पाठ असतात. जुन्या गोष्टींवरची असतात. नव्या येत राहतात आणि तिथं हात टेकतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये ‘यूएसएस कॅलिस्टर’चा पुढचा भाग आला, तीच टोळी, आता खेळात जगायचं तर पैसे लागतात म्हणून वाटमारी करणारी. मी पाहिला, आवडला, आणि मार्क द्यायला समोर कुणी नव्हतं. त्याच मालिकेत ‘कॉमन पीपल’ नावाचा भाग आहे. एका शिक्षिकेचा मेंदू महिन्याच्या वर्गणीवर चालू ठेवलेला असतो, आणि वर्गणी वाढत जाते. तो मी अर्ध्यावर बंद केला. दादानं पुरा पाहिला असता आणि डायलिसिसच्या रांगेत बसून त्यावर विनोदही केले असते. त्याच वर्षी मे महिन्यात, वीस तारखेला, नारळीकर गेले. फोन हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

माझा मुलगा कॉम्प्युटरचा विद्यार्थी आहे. मामाचे शेकडो व्हॉइस मेसेज आहेत, म्हणाला, त्यावरून मामासारखं बोलणारं काहीतरी आता सहज करता येईल, करू का? चांगल्या मनानं विचारलं होतं त्यानं. ‘ब्लॅक मिरर’च्याच २०१३ च्या ‘बी राइट बॅक’मध्ये नेमकं हेच आहे. नवरा गेलेली बाई त्याच्या जुन्या मजकुरावरून बनवलेला नवरा घरी आणते. तो बोलतो तसाच, दिसतो तसाच, फक्त भांडत नाही. ती मारते तरी गप्प उभा राहतो. दादानं त्याला आठ दिले होते आणि म्हणाला होता, ‘‘तुह्याशी हो ला हो करणारा दादा कोणी आणून देला, तं तो दुकानात वापस कर.’’ मी मुलाला नको म्हटलं.

भांडण त्या भागावरचं उरलं आहे, ‘इनर लाइट’वरचं. मी ते अजून चालवते, एकटीनं. आख्खं आयुष्य गमावलेला माणूस आठवडाभरात कामावर बसत नाही, हे त्यानं तीन मार्क कापताना सांगितलं होतं. तेरवी झाली, पाहुणे गेले, पोळा होऊन गेला होता. मी नागपूरला परतले, दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला वर्गात गेले, हजेरी घेतली, फळा पुसला आणि आदल्या धड्याच्या पुढचा धडा शिकवला. मुलांनी प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, एका विनोदावर हसलेसुद्धा. खोटं काही नव्हतं त्यात. पिकार्ड पुढच्या भागात मुंडकं शोधायला निघतो ते बरोबर आहे, माणसं निघतातच. त्या मालिकेवाल्यांना हे ठाऊक होतं, दादाला ते ठाऊक व्हायचं काही कारण नव्हतं. त्याच्या आधी आमच्या घरातलं कुणी गेलंच नव्हतं.

तेव्हा ‘इनर लाइट’बद्दल दादाचं मत चूक आहे. परवानगीचा एक मार्क हवा तर कापा, तो मुद्दा त्याचा खरा आहे. बाकीचे तीन त्यानं परत द्यावेत. नऊ.